हिरे सापडले, पुढे काय?

(दृश्य: विमानातून दिसणारं कालाहारीचं वाळवंट)

सप्टेंबर १९६६. ब्रिटिश गेले आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा बोट्सवाना स्वतंत्र झाला, तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. समुद्र नाही, पाऊस बेभरवशाचा. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले.

म्हणजे दैव उघडलं? पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनकडे बघा. तिथे हिरे १९३० मध्येच सापडले होते. १९९१ ते २००२ च्या यादवीत बंडखोरांनी तेच हिरे विकून शस्त्रं विकत घेतली.

(दृश्य: नदीकाठी गाळ चाळणारे मजूर)

फरक थोडा जमिनीतच आहे. सिएरा लिओनचे बरेचसे हिरे नदीच्या गाळात विखुरलेले. फावडं आणि चाळण असली की कुणीही काढावेत, आणि बंदूकवाल्यानं हिसकावून न्यावेत. ओरापाचे हिरे मात्र खडकात. तिथे यंत्रं लागतात, भांडवल लागतं. खाणीला कुंपण घालून हिशेब ठेवता येतो. एवढं नशीब बोट्सवानाच्या पदरात टाकायलाच हवं.

बाकीचं माणसांनी केलं. ओरापा येतं बामांग्वाटो जमातीच्या मुलखात, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. हिरे आमचे, असं म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? पण खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. मग हिरे काढणाऱ्या डी बिअर्स या बड्या कंपनीशी घासाघीस. खाण कंपनीत सरकारचा वाटा आधी १५ टक्के होता, १९७५ मध्ये तो ५० टक्के झाला. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले.

(दृश्य: ग्बाडोलिटेची ओस धावपट्टी)

कांगोत तांबं, कोबाल्ट, हिरे, सगळंच. तिथे १९६५ ते १९९७ सत्ता हुकूमशहा मोबुटूंची. त्यांनी ग्बाडोलिटे या आपल्या गावी कॉन्कॉर्ड हे स्वनातीत विमान उतरेल एवढी धावपट्टी बांधली. पण लुटीची ही घडी त्यांनी बसवलेली नव्हे. १८८५ ते १९०८ हा मुलूख बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची, खासगी मालमत्ता होता. रबरासाठी माणसं मारली गेली, हात तोडले गेले. राज्यकर्ते बदलले, ओरबाडण्याची यंत्रणा तीच राहिली.

(दृश्य: बोट्सवानाची राजधानी गॅबोरोन, मतदानाची रांग)

बोट्सवानातही सगळं आलबेल नाही. श्रीमंत-गरिबांतली दरी मोठी, बेकारीही मोठी. त्यात प्रयोगशाळेतल्या स्वस्त हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांचा भाव पाडला. २०२४ मध्ये, स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. अंतिम निकाल यायच्या आतच राष्ट्राध्यक्षांनी पराभव मान्य केला आणि पायउतार झाले.