खर्र्याची पन्नी

श्रोतेहो, नमस्कार. आज समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लास्टिकबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, विदर्भातल्या वणीकडच्या माणसाला समुद्राचं काय? म्हणूनच मामाची गोष्ट सांगतो.

आम्ही गावची मंडळी जगन्नाथपुरीला गेलो होतो. मामानं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हात जोडले, पाणी डोळ्यांना लावलं, वाळूत बसकण मारली आणि खिशातून खर्रा काढला, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली सुपारी-तंबाखू. खर्रा कसा घोटतात ते तुम्हाला मी काय सांगू! पन्नी तळहातावर दाबून दाबून घोटली, चिमूट दाढेखाली सारली, आणि रिकामी पन्नी दिली लाटेत भिरकावून. लाट आली, पन्नी मामाच्या पायाशी. पुन्हा टाकली, पुन्हा पायाशी. तिसऱ्यांदा पन्नीसोबत कोणाची तरी चप्पलही आली. मामा म्हणतो, "हा समुद्र मले वयखते काय बे?"

मी म्हटलं, "मामा, खिशात ठेवा." ठेवली बिचाऱ्यानं, ओलीच.

आपल्याकडे लग्नात पळसाच्या पत्रावळी असायच्या. उकिरड्यावर पडल्या की खत. आता थर्माकोल.

पॅसिफिक महासागरात हेंडरसन नावाचं बेट आहे. तिथं माणूस राहत नाही. २०१५ साली शास्त्रज्ञांनी तिथला कचरा मोजला, अंदाज निघाला ३ कोटी ७७ लाख तुकड्यांचा! माणूस नाही, पण प्लास्टिक आहे. उन्हानं त्याच्या चिंध्या होतात, चिंध्यांचा भुगा होतो, भुगा मासे गिळतात. कुजत मात्र नाही.

ते समुद्रात जातं कसं? आमचा नाला वर्धेला मिळतो. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला, म्हणजे मामाच्याच समुद्राला. पुन्हा सांगतो: नाला, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, समुद्र. अकोलेकरांनी हसू नये. तुमची पूर्णा तापीतून अरबी समुद्रात जाते.

तर मामा. घरी आल्यावर मामीनं शर्ट धुवायला घेतला. खिसा चाचपला, तर वाळूसकट पन्नी. मामी पुटपुटली, मागचं दार उघडलं आणि पन्नी नाल्यात टाकली.

मृग आठ दिवसांवर आला होता.