पोट सुटलंय की फुगलंय?

(दृश्य : बेळगाव, शहापूर. सकाळचे दहा. शिंप्याचं दुकान, मशीनचा आवाज.)

"कंबर बत्तीस. पोट छत्तीस." मामांनी फिता परत गळ्यात टाकला. "पँट कुठं बांधणार? पोटावर, की पोटाखाली?"

"नेहमीसारखी."

नेहमीसारखी म्हणजे खाली. पट्टा बेंबीच्या चार बोटं खाली बांधायचा आणि आपली कंबर बत्तीस आहे असं जगाला सांगायचं. माझी उंची ५ फूट ६ इंच, वजन ५८ किलो. घड्याळ मनगटावर गरगर फिरतं, दंड शाळेत होते तेवढेच. शर्ट आत खोचला, की मात्र काडीला लिंबू टोचल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात खाल्लेलं अंगी लागत नाही. लागतं की, एकाच जागी लागतं.

हद्दीचे वाद आम्हा बेळगावकरांना नवे नाहीत. पण कंबर कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं, हा वाद मामांच्या दुकानात रोज चालतो आणि त्यात फिताच जिंकतो. म्हणून या व्हिडिओची सुरुवात दवाखान्यात केली नाही, इथं केली.

(दृश्य : खडेबाजार, गर्दी. माणसांच्या पोटांवर कॅमेरा, चेहरे नाहीत.)

किडकिडीत माणसाचं पोट मोठं का दिसतं, हे विचारायला गेलं तर पहिलं उत्तर मराठीच देते. आपण म्हणतो, पोट सुटलं. आपण म्हणतो, पोट फुगलं. आणि आवाज खाली आणून म्हणतो, पोटात पाणी झालं. ही तीन वाक्यं म्हणजे तीन वेगळे आजार, कधी कधी तीन वेगळे डॉक्टर. सुटतं ते वर्षा-दोन वर्षांत, न कळत. फुगतं ते दुपारच्या जेवणानंतर, आणि सकाळी परत जागेवर असतं. पाणी होतं ते काही आठवड्यांत, आणि आपणहून उतरत नाही. इथल्या कन्नड शेजाऱ्यांचा शब्द आहे 'होट्टे उब्बर'. तो फुगण्याचा. सुटलेल्या पोटाला तो लावला, की ऐकणारा हमखास ओव्याचं पाणी सांगतो. मी ते चार महिने प्यालो. वर मेडिकलमधून 'गॅसची गोळी'. ती गोळी आम्ल कमी करणारी होती, वायूशी तिचा फारसा संबंध नाही, हे नंतर समजलं.

माझं पोट सुटलेलंच होतं. सोनोग्राफीच्या कागदावर एक ओळ आली : फॅटी लिव्हर, ग्रेड १. म्हणजे यकृतात चरबी, पहिल्या पायरीची. मी डॉक्टरांना म्हटलं, चुकून दुसऱ्याचा कागद आला असेल, मी तर बारीक आहे. ते हसले आणि एका फोटोची गोष्ट सांगितली.

(दृश्य : पडद्यावर दोन पुरुषांच्या रेखाकृती, शेजारी शेजारी.)

गोष्ट अशी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही मधुमेहाचे अभ्यासक. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा जो बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. तराजूच्या दृष्टीनं दोघंही सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो आकड्यांसकट छापून आला आणि 'बारीक पण चरबीदार' हिंदुस्थानी माणूस जगभरच्या डॉक्टरांना डोळ्यांनी दिसला.

याची मुळं थेट जन्मापर्यंत जातात. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी, स्नायूंनी, सगळ्यांत लहान. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याएवढी. आईच्या पोटात टंचाई असताना शरीरानं मांस कमी केलं आणि चरबी राखली. पुढं चाळिशीत खुर्चीवर बसून दिवसाला सहा कप गोड चहा सुरू झाला, की ही राखण अंगावर येते.

(दृश्य : मामांचा फिता, जवळून.)

बोटांच्या चिमटीत धरता येते ती चरबी कातडीखालची. दिसायला वाईट, पण तशी गरीब. काळजीची ती आतली. ती आतड्यांभोवती बसते, यकृतात शिरते. चिमटीत येत नाही, पोट बाहेरून घट्टच लागतं. हातपाय बारीक आणि पोट टणक पुढं, हे रूप बहुतेक वेळा हिचं असतं. ती वजनकाट्यावर कळत नाही, कारण स्नायू कमी असल्यानं एकूण आकडा बेताचाच राहतो. फित्यावर कळते. माप घ्यायचं ते पट्ट्याच्या जागी नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून. आपल्याकडं धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. म्हणजे साडेपस्तीस इंच आणि साडेएकतीस इंचांच्या आसपास. आणखी सोपं हवं तर पोटाचं माप उंचीच्या निम्म्याच्या आत असावं. माझी उंची ६६ इंच, निम्मे ३३. मामा म्हणतात छत्तीस.

यावर माझा पहिला उपाय होता रात्रीचं जेवण सोडणं. चूकच होती ती. बारीक माणूस उपाशी राहिला, की आधीच थोडं असलेलं मांसही झिजतं. दुसरा उपाय सकाळी पन्नास उठाबशा आणि पोटाचे व्यायाम. त्यानं पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी त्या जागची म्हणून जात नाही. आता रोज पाऊण तास भरभर चालतो, आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, ताटात भात निम्मा आणि डाळ, मटकी, अंडी दुप्पट. चहा बिनसाखरेचा. या सगळ्यात तो चहाच सगळ्यात अवघड गेला. कुंदा सोडलेला नाही, हे कॅमेऱ्यासमोर कबूल करतो.

(दृश्य : वडगावातला यंत्रमाग. धोट्याचा ठेका.)

फुगणाऱ्या पोटाची गोष्ट वेगळी. वडगावातले एक मागवाले काका मला म्हणाले, "सकाळी पोट पाठीला लागल्यालं असतंय. संध्याकाळी बघा, सात महिन्यांचं." सकाळ-संध्याकाळचा हा फरक हीच मोठी खूण. चरबी बारा तासांत येत-जात नाही. कारणं साधी असतात : साफ न होणारं पोट, घाईघाईत गिळलेला घास, कांदा आणि कडधान्यं न सोसणं, आणि दूध. मोठेपणी दुधातली साखर पचवणारा रस पुष्कळांचा आटतो. दिवसभर दुधाचा चहा पिणाऱ्याला हे सांगून पटत नाही. पंधरा दिवस दूध बंद करून बघितलं, की पटतं.

यातली एक गंमत मला माहीतच नव्हती. अशा पुष्कळ लोकांच्या पोटातला वायू मोजला तर तो इतरांपेक्षा फारसा जास्त भरत नाही. होतं असं, की पोटाला थोडा ताण जाणवला की छातीखालचा पडदा खाली दाबला जातो आणि पुढची भिंत सैल पडते. पोट खरंच पुढं येतं, मोजता येईल इतकं. संथ, पोटानं श्वास घेण्याची सवय लावली तर काहींना उतार पडतो. उभं राहण्याची ढबही यात येते. कमरेला पुढं बाक काढून उभं राहणाऱ्याचं पोट नसलेलंही दिसतं. भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, निम्मं गायब झालं तर ते पोट पाठीचं.

(दृश्य : निपाणी. ओसरीवर बिड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, पान, जर्दा, दोरा.)

निपाणीच्या या ओसरीवर एक ताई आहेत. दोन मुलं, धाकटा चार वर्षांचा. अंगानं काटकुळ्या. "तिसरं कधी, म्हणून विचारतात बाजारात," त्या बोटं न थांबवता सांगतात. बाळंतपणात आईनं पोट कापडानं घट्ट बांधलं होतं, तरी असं का, हा त्यांचा प्रश्न. बांधण्यानं आधार मिळतो, पण फट त्यानंच मिटते असं नाही.

फट म्हणजे काय ते फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या बाईंनी तिथंच सतरंजीवर दाखवलं. ताईंना उताणं निजवलं, गुडघे वर. "आता फक्त डोकं उचला." बेंबीपाशी पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा उठला, पालथ्या पडलेल्या होडीसारखा. त्याच्या दोन बाजूंना स्नायूंचे दोन पट्टे, आणि मधे फिजिओबाईंची तीन बोटं आडवी सहज बसली. गरोदरपणात हे पट्टे दूर सरतात. बाळंतपणानंतर पहिल्या आठ-दहा आठवड्यांत बरेच जवळ येतात, काहींचे येत नाहीत. इथं चरबी नाही, वायू नाही. भिंतच सैल आहे. ज्या व्यायामानं तो उंचवटा उठतो तो टाळायचा, खोल पोट आत ओढण्याचे शिकून घ्यायचे. बेंबीपाशी खोकताना गोळा बाहेर येत असेल तर तो हर्निया, तो सर्जनना दाखवायचा.

ताईंच्या शेजारची म्हातारी मधेच म्हणाली, "मला गं बाळंतपण होऊन चाळीस वर्षं झाली, मग माझं का?" ओसरीवर सगळ्या हसल्या. फिजिओबाई हसल्या नाहीत. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट दोन-तीन आठवडे रोज फुगलेलं राहत असेल, चार घासांत पोट भरत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल, तर ते वायूवर ढकलायचं नाही. अंडाशयाच्या गाठीची सुरुवात अशीच असू शकते. गर्भाशयातल्या गाठीही पोट वाढवतात. सोनोग्राफीत दिसतं. त्याच दिवशी आजींना चिठ्ठी लिहून दिली.

पुड्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या आमच्या आठवडी बाजारात मिळतात. गुडघेदुखीवर जादूसारख्या चालणाऱ्या, नाव नसलेल्या. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने ते पोटात गेलं, की हातपाय काटक्या होतात, चेहरा चंद्रासारखा गोल, पोट पुढं, त्यावर जांभळ्या रेघा. आणि कळल्यावर घाबरून पुडी एकदम बंद करायची नाही. शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू उतरवायची.

लहान मुलांचं थोडक्यात : दोन-तीन वर्षांच्या पोराचं पोट पुढं असणं बहुधा स्वाभाविक. हातपाय वाळलेले, पावलं सुजलेली, केस विरळ असतील तर ते कुपोषण. जंतांची गोळी अंगणवाडीत, शाळेत फुकट मिळते. १० फेब्रुवारी हा त्याचा देशभरचा दिवस.

(दृश्य : खानापूर. कुंभाराचं अंगण. कुंभार मडकं कानाशी धरून बोटानं वाजवतो.)

खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली. मडकं घेणारा ते वाजवून घेतो. ठण्ण वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की नको. पोट तपासण्याची जुनी रीतही हीच. ऑस्ट्रियातल्या ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरनं रोग्याची छाती बोटांनी वाजवून बघायची रीत १७६१मध्ये छापली. त्याच्या बापाची खानावळ होती, आणि पिंपात दारू किती उरली ते वाजवून बघताना त्यानं पाहिलं होतं, असं सांगतात.

(दृश्य : सरकारी दवाखाना. बाकावर एक मावशी, हातावर हिरव्या बांगड्या.)

मावशी बसमधून उतरून आल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, इतके हात बारीक. पोट मात्र पदराखाली ताठ, बेंबी बाहेर आलेली. घरच्यांचं म्हणणं, वजन तर तेवढंच आहे, मग काळजी कसली? तेवढंच होतं, कारण मांस जात होतं आणि त्या जागी पाणी येत होतं.

डॉक्टरांनी निजवून पोट वाजवलं. मधे ठण्ण. कुशीकडं बद्द. मग मावशींना एका कुशीवर वळवलं, जरा थांबून परत वाजवलं. वरच्या कुशीला आता ठण्ण. पाणी खाली सरकलं होतं. जलोदर. त्याचं कारण शोधायचं असतं. दारूनं किंवा काविळीच्या विषाणूनं कडक झालेलं यकृत, हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, आणि आपल्याकडं विसरून चालणार नाही असा पोटातला क्षय. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथली स्वस्त दारू कुणाच्या घरात आली नाही? पण मावशींच्या घोटभरही नाही. त्यांना संध्याकाळी कणकण यायची. क्षय निघाला तर सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट, पण एक दिवस न चुकवता.

"एष्टु दिना आतु?" डॉक्टरांनी विचारलं. किती दिवस झाले? नर्सनं मराठीत करून सांगितलं.

मावशींनी दिवस मोजले नव्हते. त्यांनी पदर सावरला आणि निऱ्यांवर हात ठेवला.

"दिवाळीला सात निऱ्या यायच्या की. संक्रांतीला सहा. आता पाचबी येईनात."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : तीन महिने. सोनोग्राफी, उपाशीपोटी, उद्या सकाळी. सुईनं पोटातलं पाणी काढून तपासणी. मावशींनी कागदाची चौघडी करून कमरेला खोचली आणि विचारलं, पहिल्या बसनं आलं तर चालेल का.