कुठवर आलास, आता काय बघू?

नमस्कार श्रोतेहो.

लोकमान्यनगर असो, रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी घरांत रात्रीची जेवणं आटोपली की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘कुठवर आलास?’ विषय ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून-मालिकांचा असतो. विचारणारा दादा असतो, ताई असते, कधी कधी मावशीसुद्धा असते. उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न, ‘आता मी काय बघू?’ आजचं बोलणं या दोन प्रश्नांवर आहे. पाहिलेल्याबद्दल बोलावं कसं, आणि दुसऱ्याला सुचवावं कसं.

आधी घरातल्या मोठ्यांसाठी दोन वाक्यं. जपानी चित्रमालिका तुम्हाला वाटते तितकी अनोळखी नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली पाहिलात, तो निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली केलेला, ५२ भागांचा. आणि १९९२ चा रामायणावरचा भारत-जपान चित्रपट, युगो साको यांनी ध्यास घेऊन केलेला, तो २४ जानेवारी २०२५ ला आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता. नातवंडं काय बघतात हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात तिथून झालेलीच आहे.

आता हिशेब. ॲनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यात सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, म्हणजे गोष्ट २१ मिनिटांची. जपानी दूरचित्रवाणीचे हंगाम चार: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. एका हंगामात १२ किंवा १३ भाग बसतात, त्याला ‘कूर’ म्हणतात. बारा भागांची मालिका गाणी वगळून सव्वाचार तासांत संपते, दोन संध्याकाळी पुरतात. ६४ भागांची असेल तर बावीस तासांहून जास्त. दहावी-बारावीच्या मुलाला फेब्रुवारीत ६४ भागांची मालिका सुचवणाऱ्याने हा आकडा आधी उच्चारलाच पाहिजे.

‘भारी आहे, बघच’ याला शिफारस म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्याला कळायला हवं की भाग किती, सुरुवात कुठून करायची, कितव्या भागापर्यंत दम धरायचा आणि आत असं काय आहे जे त्याला सोसणार नाही. यातली दम धरण्याची गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत, आणि चांगल्या मालिका तिथेच हातच्या जातात. ‘स्टाइन्स गेट’ घ्या. २०११ ची मालिका, २४ भाग. निम्मी मालिका टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका छोट्या खोलीत चाललेली बडबड आणि विचित्र प्रयोग, एवढंच वाटत राहतं. बाराव्या भागाच्या शेवटी सगळं फिरतं, आणि आधीची बडबड कशासाठी होती ते तेव्हा उमगतं. ही मालिका सुचवताना ‘बारावा भाग संपेपर्यंत सोडू नको, मग सोडायची तर सोड’ असं सांगितलं नाही, तर समोरचा चौथ्या भागाला कंटाळून उठतो. ‘तीन भाग बघून ठरवा’ हा रूढ नियम बारा भागांच्या मालिकेला ठीक आहे. २४ भागांच्या मालिकेला तो अपुरा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे तो नियम चपखल बसतो ती ‘मादोका मागिका’, तीही २०११ चीच, १२ भागांची. गुलाबी रंग, शाळकरी मुली, बोलणारं गोजिरवाणं जनावर. हे पाहून कुणी ती आठ वर्षांच्या मुलीला लावून देऊ नका. तिसऱ्या भागात मालिका आपला खरा चेहरा दाखवते. सुचवताना एवढंच म्हणा की तिसरा संपेपर्यंत मत बनवू नको, आणि लहानांना दाखवू नको.

क्रम हा दुसरा घोळ. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ नावाच्या मालिका दोन: २००३ ची ५१ भागांची, आणि २००९ ची ‘ब्रदरहूड’, ६४ भागांची. दुसरी पहिलीचा पुढचा भाग नाही. पहिली सुरू झाली तेव्हा ती ज्यावरून बनली ती छापील चित्रकथा अपुरी होती, म्हणून तिने अर्ध्यातून वेगळी वाट धरली. दुसरी मूळ कथेवरून शेवटपर्यंत जाते. नवख्याला ‘ब्रदरहूड’ सांगावी.

‘डीमन स्लेयर’मध्ये लोक चुकतात ते चित्रपटापाशी. २०१९ चे पहिले २६ भाग संपले की गोष्ट थेट ‘मुगेन ट्रेन’मध्ये जाते. हा २०२० चा चित्रपट वगळून पुढचा भाग लावला, तर सगळे कुणासाठी हळहळताहेत तेच कळत नाही. याच चित्रपटाचे सात भाग करून दूरचित्रवाणीवरही दाखवले, त्यातला पहिला तेवढा नवा आहे. म्हणजे चित्रपट तरी बघा किंवा सात भाग, दोन्ही बघायची गरज नाही. त्यानंतर ११, मग पुन्हा ११, मग ८ भाग, आणि त्यापुढे ‘इन्फिनिटी कॅसल’, जो २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. आधीचं काहीच न पाहिलेल्या मित्राला त्या चित्रपटाला ओढून नेणं म्हणजे त्याचे तिकिटाचे पैसे वाया घालवणं.

‘अटॅक ऑन टायटन’ची अडचण नावातच आहे. ‘फायनल सीझन’ म्हणून जे सुरू झालं, ते आधी १६ भाग, मग १२ भाग, आणि त्यानंतर २०२३ च्या मार्च आणि नोव्हेंबरात आलेले दोन लांब विशेष भाग, असं तीन वर्षं चाललं. ‘शेवटचा सीझन पाहिला’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापुढे शेवटाबद्दल बोलण्याआधी ते दोन विशेष भाग झालेत का, हे विचारून घ्या.

लांबलचक मालिकांमध्ये भरतीचे भाग असतात, ज्यांना सगळे ‘फिलर’ म्हणतात. कारण सोपं आहे. चित्रकथा आठवड्याला एक प्रकरण पुढे सरकते आणि पडद्यावरचा एक भाग दोन प्रकरणं खाऊन टाकतो. मालिका कथेला गाठते, मग थांबायचं तर नाही, म्हणून मूळ कथेत नसलेलं रचून घालतात. ‘नारुतो’चे पहिले २२० भाग आहेत. त्यात १३५ नंतरचे जवळपास सगळे भरतीचे. तिथून थेट ‘शिपुदेन’ या ५०० भागांच्या पुढच्या मालिकेवर गेलात, तर गोष्ट तुटत नाही. १९९९ पासून चालू असलेल्या ‘वन पीस’ने दुसरा मार्ग घेतला. तिथे भरती कमी, पण प्रसंग ताणलेले. एका भागात चित्रकथेचं एक प्रकरणही कधी कधी पुरं होत नाही. अकराशेहून जास्त भाग आहेत. कुणाला सुचवताना ‘सुरुवात कर, संपवायची घाई करू नको’ असंच सांगावं लागतं.

आता वेळ, कारण भांडणं यावरूनच होतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथल्या रात्रीच्या मालिकांच्या वेळापत्रकात ‘शनिवार, २५ वाजता’ असं छापलेलं दिसतं. ती छपाईची चूक नव्हे. मध्यरात्रीनंतरचे तास ते आदल्या दिवसाला जोडून मोजतात. २५ वाजता म्हणजे रविवारी पहाटे एक. त्यातून साडेतीन तास वजा करा: इंदुरात शनिवारी रात्री साडेनऊ. आपल्याकडच्या ॲपवर तो भाग कधी त्याच वेळी येतो, कधी अर्धा-एक तास उशिरा. म्हणजे नेमका सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गर्दी भरू लागते त्या सुमाराला. घरी बसलेल्याने भाग पाहिलेला असतो, गराडू खात उभ्या असलेल्याने नाही. तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंड बंद ठेवा. हिंदी डबिंग ऐकणाऱ्यांचं तर आणखी मागे असतं, कधी काही आठवडे. गटात कोण कोणत्या भाषेत बघतोय, हे एकदा माहीत करून घेतलं की निम्मी भांडणं मिटतात.

रहस्य फुटतं ते बहुधा मित्राकडून नाही, फोनकडून. पात्राचं नाव शोधायला घेतलं की खाली सुचवण्यांमध्ये ‘मरतो का’ असं आपोआप उमटतं. काही शोधायचंच असेल तर मालिकेचं नाव आणि भागाचा आकडा घालून शोधा, पात्राचं नाव टाळा. व्हिडिओंच्या बाहेरच्या चित्रांतच शेवट छापलेला असतो, म्हणून मालिका संपेपर्यंत त्या मालिकेच्या क्लिपा उघडू नका. एक उघडली की पुढच्या दहा समोर येतात. व्हॉट्सॲपवर लिहिताना पहिल्या ओळीत फक्त मालिका आणि भाग क्रमांक, मग काही ओळी मोकळ्या, मग मनातलं. कारण कुलूप लागलेल्या फोनच्या पडद्यावरही पहिल्या ओळी दिसतात. टेलिग्रामवर मजकूर झाकायची सोय आहे, ती वापरा.

मग काही न फोडता बोलायचं काय? खूप काही बोलता येतं. ‘फ्रीरेन’ घ्या, पहिलं सत्र सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४, २८ भाग. ‘पहिलाच भाग बघून रडू आलं’ यातून कुणाला काही समजत नाही. त्याऐवजी असं सांगा: जिथे इतर गोष्टी संपतात तिथे ही सुरू होते. दैत्यराज मेलेला आहे, दहा वर्षांचा प्रवास संपलेला आहे. फ्रीरेन ही एल्फ, तिचं आयुष्य हजारो वर्षांचं. पहिल्या भागाच्या मध्यावरच पन्नास वर्षं उलटतात. ती परत येते तेव्हा तिचा चेहरा तोच आहे, आणि समोर तिचा जुना सोबती हिमेल उभा आहे, कमरेत खचलेला, डोक्यावरचे केस गेलेले, दाढी पांढरी. हे एवढं सांगितलं तरी पुढचं काही फुटत नाही, आणि ऐकणाऱ्याला कळतं की मालिका कशाबद्दल आहे. पडद्यावर काय दिसलं, कुठे शांतता होती, कुणाचा हात थबकला, हे सांगावं. त्याचा परिणाम काय झाला ते सांगू नये.

टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी एक काम. ‘चित्र अडखळतं’ अशी तक्रार येते. ॲनिमेत सेकंदाला २४ चौकटी असतात, पण चित्रं तितकी नसतात. एक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रं. मारामारीत अचानक जास्त चित्रं वापरली की अंगावर काटा येतो, तो या फरकामुळे. नवे टीव्ही मधल्या चौकटी आपल्या मनाने बनवून हालचाल गुळगुळीत करतात, त्याने रेषा वितळल्यासारख्या दिसतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं जे काही असेल ते बंद करा. आणि ॲपमधला आपोआप पुढच्या भागावर जाण्याचा पर्यायही बंद करा. शेवटच्या गाण्यानंतर अनेकदा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग असतो, तो तसाच निसटतो.

राहिलं माणूस बघून सुचवणं. कीर्तन ऐकण्याची सवय असलेल्या आजींना मारामारी नको. त्यांना ‘शोवा गेन्रोकू राकुगो शिंजू’ लावून द्या. २०१६ चे १३ भाग आणि २०१७ चे १२. राकुगो म्हणजे एकट्याने गादीवर बसून गोष्ट सांगणं. हातात पंखा आणि एक कापडी रुमाल, बाकी काही नाही. मान डावीकडे वळली की नवरा, उजवीकडे वळली की बायको. पंखा मिटून तोंडाशी नेला की तो नूडल्स खाण्याच्या काड्या होतो, आणि कलावंत सुरकन ओढल्याचा असा आवाज काढतो की वाडगा दिसू लागतो. गुरू-शिष्याचं नातं, घराण्याचं नाव पुढे चालवण्याचा हट्ट, गुरूने दार लावून घेणं, हे आपल्या गाण्याच्या घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे, आणि विषय मोठ्यांचा आहे, हे आधी सांगा. ही मालिका जपानी आवाजातच ऐकावी. आजींना इंग्रजी अक्षरं भराभर वाचवत नसतील तर शेजारी बसून वाचून दाखवा, कारण सगळी गंमत आवाजात आहे.

बुद्धिबळ खेळणाऱ्याला ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’, दोन सत्रं, बावीस-बावीस भागांची. शोगी हा जपानी पटखेळ, पण खरी गोष्ट एकट्या राहणाऱ्या मुलाची आणि नदीपलीकडच्या तीन बहिणींच्या घराची. दुसऱ्या सत्रात शाळेतल्या छळाचा मोठा भाग आहे, ते आधीच सांगून ठेवा. खेळाडूला ‘हाइक्यू’. व्हॉलीबॉल माहीत नसला तरी तो पाहता पाहता कळतो. अगदी लहानांना १९८८ चा ‘तोतोरो’. त्याच वर्षीचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ त्याच स्टुडिओचा आहे म्हणून लावू नका. तो युद्धात उपाशी राहिलेल्या भावंडांचा आहे.

सुचवलेलं कुणी अर्ध्यावर सोडलं तर वाईट वाटून घेऊ नका. कितव्या भागाला सोडलं आणि त्या भागात काय खटकलं, एवढं विचारा. ‘संथ वाटलं’ म्हणाला तर पुढच्या वेळी १२ भागांची द्या. ‘ओरडाआरडा फार’ म्हणाला तर ‘बाराकामोन’ द्या, बेटावर राहायला गेलेल्या सुलेखनकाराची, २०१४ ची, तीही १२ भागांची. ‘नावंच लक्षात राहत नाहीत’ म्हणाला तर हिंदी डबिंग लावून बघायला सांगा, वाचण्यातून डोळे मोकळे झाले की चेहरे लक्षात राहतात.

आज इथेच थांबतो. नमस्कार.