राष्ट्राध्यक्षांचा जबाब कोण घेणार?

(दृश्य : बेळगाव, जिल्हा न्यायालयाचं आवार. काळे कोट, झेरॉक्सचे गठ्ठे, तारखेला आलेली माणसं.)

‘सरकारी कामात अडथळा’ हे कलम सीमाभागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळा दिन झाला, मोर्चा निघाला, फलकावरून वाद पेटला, की ते कुणा ना कुणाच्या नावावर लागतं. मग खानापूर-निपाणीहून तारखांचे हेलपाटे सुरू. जुन्या दंडसंहितेत ते ३५३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झालं.

आज विषय आहे त्याच्या भाऊबंदातल्या गुन्ह्याचा. न्यायप्रक्रियेत अडथळा. इथं अडवला जातो तो तपास. साक्षीदार फितूर करणं, कागद नाहीसा करणं, तपास अधिकाऱ्याला हटवणं ही त्याची नेहमीची रूपं. आणि हे करणारा साधा आरोपी नसून देशाचा प्रमुख असेल तर? ज्याच्या सहीने वरिष्ठ अधिकारी नेमले आणि काढले जातात, त्याचाच जबाब घ्यायचा. अमेरिकेत हे घडलंय आणि तिथली कागदपत्रं आज कुणालाही वाचता येतात, म्हणून आधी तिकडे जाऊ.

अमेरिकी कायद्यात यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. अडथळा आणणारी कृती. त्या कृतीचा चालू किंवा होऊ घातलेल्या कार्यवाहीशी संबंध. आणि भ्रष्ट हेतू. पहिल्या दोन कागदावर सापडतात. तपास अडतो तो तिसरीपाशी, कारण राष्ट्राध्यक्षाची कृती वरकरणी कायदेशीरच असते. एफबीआयच्या संचालकाला काढायचा अधिकार त्याला आहेच. आपल्याकडे तलाठ्याला उताऱ्यावर नोंद घालायचा अधिकार असतो, म्हणून प्रत्येक नोंद स्वच्छ ठरत नाही. कशासाठी घातली, हे बघावं लागतं. तसंच हे.

आणखी एक गैरसमज इथंच दूर करू. ‘मूळ गुन्हाच सिद्ध झाला नाही, मग अडथळा कसला?’ असं टीव्हीवरच्या चर्चेत हमखास ऐकू येतं. कायदा तसं म्हणत नाही. अब्रू वाचवण्यासाठी तपास बुडवला, तरी तो बुडवलेलाच असतो.

(दृश्य : टेपरेकॉर्डरची फिरणारी रिळं.)

१७ जून १९७२. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच घुसखोर पकडले गेले. सहाच दिवसांनी, २३ जूनला, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हॉल्डमन यांचं बोलणं झालं. सीआयएकडून एफबीआयला सांगायचं की यात पुढे खोदू नका. निमित्त राष्ट्रीय सुरक्षेचं. कृती, संबंध आणि हेतू, तिन्ही एकाच संभाषणात. आणि ते निक्सन यांनी स्वतःच बसवून घेतलेल्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झालं.

हे यंत्र आहे, हे जगाला कळलं १६ जुलै १९७३ रोजी, सिनेटच्या समितीपुढे अलेक्झांडर बटरफील्ड यांनी साक्ष दिली तेव्हा. तोवर सगळा मामला एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द असा होता. या तपासासाठी नेमलेले विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी टेप मागितल्या. २० ऑक्टोबरच्या शनिवारी निक्सन यांनी कॉक्सना काढायचा हुकूम दिला. ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या खालचे रकल्सहाउसही गेले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी तो हुकूम बजावला. तपास थांबला का? नाही. लोक खवळले, लिऑन जवॉर्स्की नवे विशेष वकील झाले आणि त्यांनीही टेपच मागितल्या.

(दृश्य : पायाने दाबायचं पेडल, जवळून.)

२० जून १९७२ च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स म्हणाल्या, टंकलेखन करताना फोन आला, तो घ्यायला हात लांब केला, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला. तेही फक्त पाचेक मिनिटं. बाकीचं त्यांनी अंगावर घेतलं नाही. न्यायालयासाठी तज्ज्ञांनी त्या फितीवरच्या चुंबकीय खुणा तपासल्या. यंत्राचं बटण दाबलं-सोडलं की फितीवर त्याचा ठसा उमटतो. असे ठसे सांगत होते, किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलंय. पाय एकदा चुकेल, पाच वेळा नाही. तरी कुणी पुसलं, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. नाहीशा पुराव्याची ही खरी अडचण आहे : पुसल्याचं दाखवता येतं, पुसणारा हात दाखवता येत नाही.

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८-० असा निकाल दिला : टेप द्या. ५ ऑगस्टला २३ जूनचं संभाषण लोकांसमोर आलं, ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. खटला मात्र चाललाच नाही. ८ सप्टेंबरला नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना माफी दिली.

क्लिंटन यांच्यावरही १९९८ मध्ये हा आरोप ठेवून महाभियोग झाला. सिनेटमध्ये मतं पडली ५०-५०, लागत होती दोन तृतीयांश. विषय संपला.

(दृश्य : पिवळ्या कागदाची वही, पेन.)

टेप नसेल तर काय? २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा रॉबर्ट म्युलर यांनी केलेला तपास त्यासाठी वाचावा. १७ मे २०१७ ला नेमणूक, २२ मार्च २०१९ ला अहवाल, ४४८ पानं. दुसरा खंड राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरील अडथळ्याच्या आरोपावर. सुमारे ५०० साक्षीदार, २,८०० हून अधिक समन्स. पण वजन पडलं ते त्या-त्या वेळी हाताने लिहिलेल्या टिपणांचं.

व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅकगान यांचंच घ्या. अहवालानुसार जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना घरी फोन करून सांगितलं की म्युलर यांना हटवण्यासाठी वर कळवा. मॅकगान यांनी ते केलं नाही, राजीनाम्याची तयारी केली. पुढे जानेवारीत ही बातमी फुटली, तेव्हा असं काही घडलंच नाही अशी नोंद तयार करा, असा निरोप त्यांना आला. त्यांनी नकार दिला. समोरासमोर बोलणं झालं तेव्हा ट्रम्प यांनी विचारलं, टिपणं कशाला ठेवता? वकील टिपणं ठेवत नाहीत. मॅकगान यांचं उत्तर असं, की आपण खरे वकील आहोत, म्हणून ठेवतो.

बेळगावात वकिली शिकणाऱ्या पोरांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, काय शब्द वापरले. त्याच दिवशी लिहिलेलं. दोन वर्षांनी आठवून दिलेली साक्ष उलटतपासणीत हलते, त्या दिवसाचं टिपण सहसा हलत नाही. आपल्याकडे तर साक्षीदार बोलतो मराठीत, जबाब बऱ्याचदा उतरतो कन्नडमध्ये, आणि पोलिसांपुढच्या त्या जबाबावर त्याची सही घ्यायचीच नसते. काही वर्षांनी ‘तुम्ही तेव्हा असं म्हणाला होतात’ म्हटलं की तो गोंधळतो. साक्षीदार फिरेल अशी भीती असेल, तर मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवरचा जबाब आधीच नोंदवून घेणं शहाणपणाचं.

म्युलर यांचा तपास अडला कुठं? ट्रम्प यांनी समोर बसून जबाब दिला नाही, लेखी उत्तरं दिली. त्यांत ३० हून अधिक वेळा ‘आठवत नाही’. समन्स काढलं असतं तर न्यायालयीन लढाईत वेळ गेला असता. काही संबंधितांनी संदेश पुसले होते. आणि सर्वांत मोठा अडसर आधीपासूनच होता : पदावरील राष्ट्राध्यक्षावर आरोपपत्र ठेवता येत नाही, हे तिथल्या न्याय खात्याचं १९७३ पासूनचं मत. त्यामुळे अहवालाने गुन्हा झाला असंही म्हटलं नाही, निर्दोषही ठरवलं नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलै २०२४ च्या निकालाने तर पदाच्या गाभ्यातल्या अधिकारांना पूर्ण संरक्षण दिलं, आणि न्याय खात्याशी राष्ट्राध्यक्षाचं बोलणं त्यातच धरलं. वर तिसरी गोष्ट सांगितली होती, हेतू. अधिकृत आणि खासगी कृती वेगळ्या काढताना हेतू विचारायचाच नाही, असंही बजावलं. २३ जूनचं ते संभाषण आज कुठल्या रकान्यात बसलं असतं, यावर वकील अजून भांडताहेत.

(दृश्य : सुवर्ण विधानसौध, हलगा.)

आपल्याकडे पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यांना असं कवच नाही. पुरावा नष्ट करणं न्याय संहितेच्या २३८ मध्ये, साक्षीदाराला धमकावणं २३२ मध्ये. ती सगळ्यांना सारखी लागतात. मात्र पदावर असताना घेतलेल्या निर्णयात भ्रष्टाचार झाल्याचा आरोप असेल, तर चौकशीआधी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली मंजुरी लागते, मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत राज्यपालांची. कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्याविरुद्धच्या म्हैसूरच्या भूखंड प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये ती मिळाली, सप्टेंबरात उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, लोकायुक्त पोलिसांनी चौकशी केली आणि पुरावा नसल्याचा अहवाल दिला. निष्कर्ष बरोबर की चूक, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण लोकायुक्तांकडचे पोलीस राज्याच्याच दलातून येतात, हे विसरून चालणार नाही.

कवच आहे ते राष्ट्रपती आणि राज्यपालांना. घटनेचं कलम ३६१ : पदावर असेपर्यंत कोणत्याही न्यायालयात फौजदारी कार्यवाही सुरू करता येत नाही, चालूही ठेवता येत नाही. कल्याणसिंह यांचं उदाहरण समोर आहे. बाबरी प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ते राजस्थानचे राज्यपाल आहेत तोवर थांबा. सप्टेंबर २०१९ मध्ये पद गेलं, त्याच महिन्यात आरोप निश्चित झाले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले.

कलमात शब्द ‘न्यायालय’ असा आहे. पोलीस तपासाचं काय, हा प्रश्न पश्चिम बंगालच्या राज्यपालांविरुद्ध तक्रार करणाऱ्या राजभवनातील एका महिला कर्मचाऱ्याच्या याचिकेवर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तो प्रश्न पुस्तकी नाही. मोबाइल कंपन्यांना कॉलचा तपशील किमान दोन वर्षं ठेवावा लागतो. राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची.

(दृश्य : मोबाइल टॉवर, संध्याकाळ. पडदा काळा.)