ड्रोन शाळेच्या मैदानावर उतरू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारं ड्रोन आता खेड्यातल्या मुलांनाही नवं नाही. द्राक्षबागेवर फवारणी करणारं ड्रोनही अनेकांनी पाहिलंय. पण शाळेत ड्रोन आणायचं म्हटलं, की शिक्षक बिचकतात. परवाना लागेल, पोलीस विचारतील, नको ती भानगड!

25 ऑगस्ट 2021 रोजी आलेल्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी एक वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. सरकारमान्य शिक्षणसंस्थेनं संशोधनासाठी, हरित क्षेत्रात (म्हणजे जिथं ड्रोन उडवायला आधी परवानगी लागत नाही अशा भागात), स्वतःच्या आवारात ड्रोन उडवलं, तर त्याला नोंदणी क्रमांक लागत नाही आणि चालवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. नुसती हौस यात बसत नाही, हे खरं. मुलांनी काही बनवावं, तपासावं, नोंदी ठेवाव्यात. मला तर ही अट फार मोलाची वाटते.

कारण शिकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, दोन उलटे. चारही एकाच दिशेनं फिरले, तर ड्रोन स्वतःच उलट्या दिशेला गरगरू लागेल. ते वळवायचं, तर एका जोडीचा वेग वाढवायचा, दुसरीचा तेवढाच कमी करायचा. नववीतला न्यूटनचा तिसरा नियम असा डोळ्यांसमोर आला, की तो पाठ करावा लागत नाही. भूगोलाचंही तसंच. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली. शाळेच्या आवाराचा असा नकाशा मुलांनी करावा आणि टेप धरून पडताळावा.

जपायचं ते जपायलाच हवं. फिरत्या पात्यापाशी बोट न्यायचं नाही, फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. शेजाऱ्याच्या अंगणात कॅमेरा वळवायचा नाही; नियमात बसलं तरी ते गैरच.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली शाळा शोधा. हरित क्षेत्रात असेल, तर साधारण 400 फुटांपर्यंतचं आकाश मोकळं आहे. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र 200 फूटच. स्थानिक पोलिसांचा मनाई आदेश नाही ना, तेही विचारून घ्या. आणि ज्या मुलांना यातच पुढं जायचंय, त्यांना सांगा: दहावी उत्तीर्ण व्हा, वयाची 18 वर्षं पूर्ण झाली, की मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण घेऊन पायलटचं प्रमाणपत्र मिळवता येतं.