कोहळ्याच्या न्योक्या

(दृश्य: कॉटन मार्केट, सकाळची गर्दी. कापलेल्या कोहळ्याच्या केशरी फाका.)

न्योकी म्हणजे सहसा पाण्यात उकडलेले छोटे मऊ गोळे. पाककृती इटलीची. तिच्यात बटरनट स्क्वॉश, म्हणजे भोपळ्याचाच एक प्रकार, लिहिलाय. नागपूरच्या कॉटन मार्केटात मिळतं ते कोहळं, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा. चव जवळची, रंगही जवळचा. फरक पाण्याचा. बटाट्यात शंभरातले ऐंशीच्या आसपास भाग पाणी असतं, बटरनटमध्ये त्याहून थोडं जास्त आणि कोहळ्यात नव्वदच्याही वर. पुढचा सगळा घोटाळा या वरच्या पाण्याचा आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. भाची परातीत मळतेय, मावशी दाराशी.)

त्यात कोहळं कुकरमध्ये शिजवलेलं. वाफेचं पाणीही गरात उतरलं. अंड्याचा बलक, किसलेलं चीज, मीठ आणि पाककृतीत सांगितला तेवढा मैदा, सगळं घालूनही गोळा होईना.

"मावशी, हे तर गिल्लंच होऊन राहिलं."

"मग मैदा काहून ओतून राहिली?"

प्रश्न बरोबर आहे. मैदा वाढला की मळणं वाढतं, मळलं की ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे ताठ होतात आणि न्योकी दाताखाली रबरासारखी ताणते. कोहळ्याची चव मैद्याखाली दबते ती वेगळीच. परातीत हात चिकटायला लागला की माणूस घाबरतो आणि डबा उघडतो. तिथेच थांबायचं.

(दृश्य: कढईत गर आटतोय.)

खरं तर पाणी आधी काढायला हवं होतं. ओव्हन असेल तर फाका २०० अंशांवर मऊ होईपर्यंत भाजायच्या. नसेल तर कुकरमधला गर झाकण न ठेवता कढईत परतत राहायचा, कडा सोडेपर्यंत. पण इथे तर सगळं मिसळून झालेलं. आता काय?

आता आकार सोडायचा. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली नावाचा प्रांत आहे. तिथे भोपळ्याची न्योकी वळतच नाहीत. सैल मिश्रण चमच्याने थेट उकळत्या पाण्यात सोडतात, वरून लोणी आणि धुरी दिलेलं रिकोटा चीज. काट्याने रेघा ओढलेली गोंडस न्योकी ही बटाट्याची मिरवणूक, आणि बटाटा तर युरोपात अमेरिकेहून आला. त्याआधीही तिथे शिळ्या पावाची, पिठाची न्योकी होतीच. रोममध्ये आजही रवा दुधात शिजवून, थापून, चकत्या कापून भाजतात. तेव्हा "अस्सल" कोणती, हा वाद आपण घालायचं कारण नाही.

(दृश्य: उकळतं पाणी, दोन ओले चमचे.)

आधी एकच सोडून बघायची. फुटून पाणी गढूळ झालं तर मिश्रणात चमचाभर रवा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. रवा पाणी पितो आणि मळावं लागत नाही. एकसंध राहिली, तर काहीही वाढवायचं नाही. पाणी धडधडून उकळू द्यायचं नाही, हलकं हलत राहिलं पाहिजे. न्योकी वर तरंगली की आणखी थोडा वेळ देऊन झाऱ्याने काढायची.

मावशी चमचा धरत नाही. ओल्या बोटांनी सोडते. हा हात कोहळ्याची बोंडं तळून तयार झालेला. तिच्या न्योक्या वेड्यावाकड्या पडतात, पण फुटत नाहीत.

(दृश्य: तव्यावर लोणी, कढीपत्ता.)

इटलीत लोण्यात सेज या सुगंधी वनस्पतीची पानं घालतात. इथे लसूण आणि कढीपत्ता. सेजची सर त्याला येत नाही, पण कोहळ्याच्या गोडसरपणाला हा कडवट, कुरकुरीत वास छान तोलतो. न्योक्या लोण्यात एका बाजूने लालसर होऊ द्यायच्या. ओलसर न्योकीला ही खरपूस बाजू फार गरजेची, नाहीतर बाळाचं जेवण होतं.

आणि मावशीनं मघाशीच वाटीभर गर बाजूला काढून ठेवला होता, अंडं-चीज पडायच्या आधी. त्यात गूळ, वेलची, कणीक. कढईत तेल तापलंय. बोंडं उद्याच्या चहापर्यंत टिकतील. न्योक्या मात्र तव्यावरून थेट ताटात, गार झाल्या की चिवट होतात.