पीयूसीचं पहिलं वर्ष आणि त्याआधीचे दोन महिने

(बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, मंडळाचे कार्यकर्ते, पालक आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिलेली दहावीची पोरं... या रे, पुढं या. जागा आहे. विषय तुमचा आणि तुम्हीच दाराजवळ, हे बरं नव्हे.

मंडळानं मला सांगितलंय, पीयूसीच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे अकरावीची, तयारी कशी करावी ते बोला. बेळगावात मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. खानापूर भागातली, येळ्ळूर-किणये-बेळगुंदीकडची मराठी शाळेतली मुलं दर जूनला वर्गात येताना बघितली. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. आपली मुलं आधी गप्प होतात. मागं पडतात ती त्यानंतर. मधल्या काळात त्यांना बोलतं केलं, तर पुढचं फारसं काही बिघडत नाही.

जांबोटीकडची एक मुलगी होती. दहावीला 625 पैकी साडेपाचशेच्या वर. शाळेत पहिली, गावात फ्लेक्स, सोसायटीचा सत्कार, मंडळाचा सत्कार. सोळा वर्षांच्या पोरीला चार शाली! (हशा) अहो, जूनच्या तोंडावर त्या पावसाच्या मुलखात एक छत्री तरी द्यायची. असो. ती माझ्या वर्गात आली, खिडकीकडच्या बाकावर बसली आणि सप्टेंबरपर्यंत तिचा आवाज मी ऐकला नाही. काही विचारलं की उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि खाली बघायची.

सहामाहीचे पेपर तपासताना तिच्या एका आकृतीशी थांबलो. उतारावर ठेवलेला ठोकळा. बाणांच्या दिशा सगळ्या बरोबर, घर्षणाचा बाण बरोबर उताराच्या वरच्या बाजूला. पण बाणांच्या टोकांशी रबर घासून घासून कागद पातळ झालेला. उजेडासमोर धरला, तर पेन्सिलीची अक्षरं दिसली : ‘गुरुत्व बल’, ‘घर्षण बल’. मराठीत सगळं लिहिलेलं आणि सगळं खोडलेलं. खाली उत्तराची जागा कोरी.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हटलं, “काय गे, बरोबर लिहिलेलं खोडलंस कशाला?”

“मराठीत लिहिलं तर मार्क देत नाहीत म्हणाले, सर.”

“मग इंग्लिशमध्ये लिहायचं.”

“स्पेलिंग येईना.”

मी तिला समोर बसवलं. म्हटलं, राहू दे इंग्लिश. घाटाच्या चढावर उसाची ट्रॉली बंद पडली, तर चाकामागं धोंडा का लावतात ते मराठीत सांग. आणि मंडळी, ती पोरगी बोलायला लागली! वजनाचा किती भाग रस्त्यावर दाब देतो आणि किती भाग ट्रॉलीला खाली ओढतो, चढ वाढला की हे वाटप कसं बदलतं, रस्ता ओला असला की पकड का सुटते. हाताचा तळवा तिरका करून, त्यावर माझं खोडरबर ठेवून दाखवत होती. वर म्हणाली, “धोंडा बारका असला तर चाक त्याच्यावरनं जातंय सर, म्हणून आमचे बाबा मोठा धोंडा ट्रॉलीतच ठेवतात.” पलीकडं केमिस्ट्रीचे सर बसलेले, कन्नड माणूस, मराठी जेमतेम. हातातलं काम ठेवून ऐकत होते. म्हणाले, “ईकिगे एल्ला गोत्तैति री!” हिला सगळं ठाऊक आहे की!

तेच तर! सगळं ठाऊक असलेली पोरगी तीन महिने मुकी बसली होती.

आता बसचं सांगतो, कारण ते सोडून हे वर्ष कळायचं नाही. आपल्याकडं सकाळची गाडी एक. ती आधीच्या गावांतच भरते आणि थांब्यावरची पोरं बघून न थांबता जाते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात मुलींना सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत. फार चांगलं झालं. माझ्या गल्लीतल्या पोरी त्यामुळं कॉलेजला जातात. पण गाडी थांबलीच नाही, तर बिनतिकिटाचं काय करायचं? पहिला तास बुडतो, बहुधा मॅथ्सचा. पोर उशिरा पोचतं, दारातून शेवटच्या बाकावर जातं. हजेरी 75 टक्के लागते, त्याची धास्ती वेगळीच. संध्याकाळी दिवेलागणीला घरी, आणि घरात शिरल्या शिरल्या प्रश्न काय? “मार्क किती पडले?” बस मिळाली का, शेजारी कोण बसतं, जेवलास कुठं, हे कुणी विचारत नाही. पालकांनो, पहिले तीन महिने तेवढंच विचारा, हात जोडून सांगतो.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती. 1956 पासूनचं सीमाप्रश्नाचं ते दुखणं माझ्याही घरात आहे. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल, पोरं येत्या जूनला कॉलेजात जाणार. आणि चंदगड-कोल्हापूरला अकरावी सायन्सला गेलेल्यांना विचारा, पुस्तक तिथंही इंग्लिशच आहे. मग केजीपासून इंग्लिशमध्ये घाला, असा सल्ला देणारे भेटतात. मला तो मुळीच मान्य नाही. त्या पोरीला ट्रॉली समजली होती, कारण ती तिला मराठीत समजली होती.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तयारीचं भराभर सांगतो.

दहावीची परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत जवळजवळ दोन महिने मोकळे मिळतात. त्या दोन महिन्यांत इथंच, वाचनालयात, रोज संध्याकाळी तास-दीड तास बसायचं. शिकवणारे कोण? गावातलीच, पीयूसीचं पहिलं वर्ष नुकतंच काढलेली मुलं. कुठं अडतं ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. प्रत्येक विषयाचे पहिले दोनच धडे घ्या. वहीच्या डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्लिश. मराठीत समजून घ्यायचं आणि मग तेच उभं राहून इंग्लिशमध्ये मोठ्यानं सांगायचं. चुकलं तरी कुणी हसायचं नाही. जूनमध्ये वर्गात तोंड उघडलं पाहिजे, एवढ्यासाठी हे.

दुसरं. भाषा निवडताना, कॉलेजात मराठी असेल तर मराठी घ्या. सहा विषयांचे 600 मार्क, त्यातले 100 तरी आपल्या हातातले राहतात. कन्नड बोलणारा एक मित्र, एक मैत्रीण पहिल्याच आठवड्यात करा. नोटीस कळते, प्रॅक्टिकलला जोडीदार मिळतो.

तिसरं. पहिल्या वर्षाचे मार्क दुसऱ्या वर्षाच्या मार्ककार्डावर येत नाहीत. तेव्हा सहामाहीत आपटलात म्हणून टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढायला धावू नका, दिवाळीपर्यंत दम धरा. अभ्यास मात्र सोडायचा नाही, सीईटी आणि नीटला पहिल्या वर्षाचं येतं.

कॉमर्स-आर्ट्सबद्दल बोलायचं राहिलं. अकाउंट्सलाही हीच वही चालेल.

पीयूसीच्या मुलांनी जाताना दाराजवळच्या रजिस्टरात आपलं नाव आणि शिकवायचा विषय लिहावा. दहावीचा शेवटचा पेपर झाला, की पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला सुरुवात. फिजिक्सचा पहिला धडा मोजमापाचा आहे. पट्टी घेऊन या, मीही येतो.